लांबच्या रस्त्याचं इंजिन

इंजिनातलं तेल कमी होतं, हे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. रिंगा झिजल्या की ते जळतं, सील गेलं की ठिबकतं, पार्किंगच्या फरशीवर काळा डाग पडतो आणि माणूस सावध होतो. तेल वाढतंही, हे मला वहिनीच्या गाडीपायी कळलं. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत सारली आणि बाहेर काढून उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मागच्या सर्व्हिसिंगपासून कोणी थेंबभरही घातलेलं नव्हतं. मिस्त्रींनी पट्टीच्या टोकाचा थेंब अंगठ्यानं चोळला, हुंगला आणि बोट वहिनीपुढे केलं. डिझेलचा उग्र वास येत होता. चांगलं तेल दोन बोटांमध्ये तार धरतं. हे नुसतंच ओलं लागत होतं.

"ताई, चेंबरमध्ये डिझेल उतरलंय," ते म्हणाले. "अशीच पळवली असती तर आधी टर्बो गेला असता, मग इंजिन."

गाडी चार मीटरच्या आतली, दीड लिटर डिझेल इंजिनाची, २०२० च्या दिवाळीत घेतलेली. कंपनीचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. त्या काळात अशी गाडी घेतलेल्या ओळखीतल्या माणसांना विचारत गेले तेव्हा मेक वेगवेगळे निघाले आणि तक्रार एकच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पिकअप पडतो. भर रस्त्यात गाडी लिंप मोडला जाते आणि कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी चढावर दम धरत नाही. चावी काढल्यावरही पंखा घरघरत राहतो. अ‍ॅव्हरेज एकाएकी कोसळतं. आणि तेल वाढतं.

आमच्याकडे ही गाडी आली त्याला कारणं होती, आणि ती चांगली कारणं होती. गाव वाईजवळ. सणाला, पेरणीला, हळद काढायला दादाला जावं लागतं. घरची पाच माणसं, सामान, परतताना धान्याची पोती, एवढं सगळं घेऊन खंबाटकी घाट चढायचा तर डिझेलच हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधीच्या डिझेल गाडीनं त्याला कधी दगा दिला नव्हता. उंच गाडी हवी होती ती आईसाठी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडानमध्ये उतरून बसावं लागतं आणि पुन्हा वर उठावं लागतं. या गाडीत आई बाजूनं सरळ बसते आणि सरळ उतरते. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे पाहता खालून घासत नाही हेही होतंच.

पण दादा कामावर जातो कंपनीच्या बसनं. रोज गाडी चालवते ती वहिनी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन पेशंट बघते. सकाळी मयूर कॉलनीत एक आजोबा, तिथून डहाणूकर कॉलनीत एक आजी, मग एरंडवण्यात पक्षाघातातून सावरणारे एक गृहस्थ, दुपारी घर, संध्याकाळी पुन्हा पौड रोडला दोन घरं. मागच्या सीटवर मशिनची बॅग, वजनं, व्यायामाचे पट्टे. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचं अंतर दीड-दोन किलोमीटर, तेही कर्वे रोडच्या सिग्नलवर थांबत थांबत. दर ठिकाणी गाडी पाऊण तास उभी. इंजिन गरम व्हायला लागतं न लागतं तोच ते बंद होतं आणि पुढच्या घरासाठी अर्धवट थंड अवस्थेत पुन्हा सुरू होतं. तिच्या गाडीचा सबंध आठवडा असा जातो.

वर्षातून पाच-सहा वेळा दादा तीच गाडी घेऊन गावाला जातो. कात्रजचा बोगदा मागे टाकला की मोकळा रस्ता, एकसारखा वेग, मग घाट. सुरूर फाट्यापर्यंत गाडी अशी काही खुलते की त्याला तिच्यात काही खोट दिसत नाही. परत येऊन तो म्हणायचा, "गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे. तूच बघ काय करतेस ते." वहिनी म्हणायची, "गाडी उचलत नाही. दिवा लागतोय." दोघंही खरं बोलत होते. एकाच गाडीची दोन इंजिनं दोघांच्या वाट्याला आली होती.

हे कसं होतं, ते समजून घ्यायला डिझेल इंजिनाचा स्वभाव पाहावा लागतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ती नसते. हवा इतकी दाबली जाते की त्या दाबानंच ती तापते, तिच्यात डिझेलचा फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. ही पद्धत काटकसरीची आहे. इंधनातली जास्त शक्ती चाकांपर्यंत पोहोचते, धुरावाटे कमी उष्णता वाया जाते. पण फवाऱ्यातला प्रत्येक थेंब हवेत नीट मिसळायला वेळ मिळत नाही. जिथे हवा कमी पडते तिथे इंधन अर्धवट जळतं आणि काजळी होते. जुन्या एसटीच्या, ट्रकच्या मागे जो काळा धूर आपण लहानपणापासून गिळत आलो तो हाच. डोळ्यांना दिसणारा धूर तरी हटवता येतो, खिडकी लावता येते. न दिसणारे काजळीचे कण त्याहून घातक असतात. त्यातले पुष्कळसे मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे बारीक असतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जातात. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात घातला.

म्हणून १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस ६ आलं. बीएस ४ वरून थेट सहावर उडी, पाचवी पायरी गाळून. डिझेल गाडीला आधी किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणलं गेलं, तेही देशभर. ही लहान गोष्ट नव्हती. तेल शुद्धीकरण कारखान्यांनी आणि गाड्यांच्या कारखान्यांनी त्यासाठी मोठी मेहनत घेतली. त्या निर्णयाचं मला मनापासून कौतुक आहे, आणि पुढे जी तक्रार मांडते आहे ती त्या निर्णयाविरुद्ध नाही.

साडेचार मिलिग्रॅमची मर्यादा गाठायची तर धुरातून काजळी गाळून काढावी लागते. त्यासाठी डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा खोललेला फिल्टर पडला होता, तो त्यांनी मला हातात दिला. चिनी मातीसारख्या पदार्थाचा जड ठोकळा, वर पत्र्याचं वेष्टण. तोंडाकडून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी शेकडो बारीक चौकोनी भोकं. नीट बघितल्यावर दिसतं की एकाआड एक भोक बुजवलेलं आहे. दुसऱ्या टोकाला जे इकडे उघडं ते तिकडे बंद. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसते, म्हणून नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरून शेजारच्या नळीत जातो आणि तिथून बाहेर पडतो. काजळी भिंतीच्या अलीकडे राहते. शिरण्याच्या बाजूला बोट फिरवलं, काळंभोर झालं. बाहेर पडण्याच्या बाजूला फिरवलं, तर जवळजवळ कोरडं आणि स्वच्छ. या दोन बोटांमधला फरक म्हणजे आपल्या छातीत न गेलेली काजळी. इतकं सुंदर काम करणारी वस्तू मी फार कमी पाहिली आहे.

पण अडवलेली काजळी जाणार कुठे? फिल्टर भरतो. मग तो जाळून साफ करावा लागतो. गॅरेजच्या भाषेत 'रीजन'. काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. घाट चढताना, हायवेला एकसारख्या वेगानं जाताना धूर बराच तापतो आणि थोडी काजळी आपसूक जळत जाते. शहरात, सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचा धूर दोनशे अंशांच्या आसपासच घुटमळतो. डिझेल इंजिन उष्णता वाया घालवत नाही, हाच तर त्याचा गुण, आणि इथे तोच आड येतो. फिल्टरपर्यंत पुरेशी आच पोहोचतच नाही.

मग गाडीतला संगणक स्वतः उष्णता तयार करायला बघतो. फिल्टरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक एक सेन्सर मोजत असतो. तो फरक वाढला की संगणक नोझलला जादा डिझेल सोडायला सांगतो, आणि तेही उशिरा, पिस्टन खाली जायला लागल्यावर. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतंच. ते धुराबरोबर पुढे जावं, वाटेतल्या उत्प्रेरकात जळावं आणि फिल्टर तापवावा, अशी योजना. काही इंजिनांत यासाठी धुराच्या नळीवर वेगळा नोझल असतो, छोट्या गाड्यांत बहुधा नसतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी नीट चालू राहिली तर काम होतं. नेमकी तेवढीच मिनिटं वहिनीच्या रस्त्यावर नाहीत. रीजन सुरू झाला की आजोबांचं घर येतं आणि ती चावी काढते. तिला सांगणारं काहीच समोर नसतं. खूण पटवायचीच तर आयडलिंग किंचित वाढलेलं असतं, गाडीजवळ उभं राहिलं तर तापलेल्या लोखंडाचा वास येतो आणि पंखा जोरात सुटलेला असतो. सोसायटीचा वॉचमन तिला विचारायचाही, "मॅडम, गाडी गरम झाली का?" तीही गाडी गरम झाली असं समजून लगेच बंद करायची. आपण सगळ्यांनी तेच केलं असतं.

अर्धवट राहिलेला रीजन पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतो. पुन्हा जादा डिझेल, पुन्हा अर्ध्यावर चावी. उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या थंड भिंतींवर बसतो, रिंगांच्या फटींतून खाली झिरपतो आणि चेंबरमधल्या तेलात मिसळतो. पेट्रोल मिसळलं असतं तर इंजिन तापल्यावर बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल जड, ते सहजी उडत नाही. तेल वाढतं आणि पातळ होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो फक्त तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तो पापुद्रा डिझेलनं विरळ केला की लोखंडाला लोखंड लागतं. क्रँकच्या बेअरिंगांचंही तेच. हवा स्वच्छ ठेवायला बसवलेली व्यवस्था, रस्ता आखूड असला की, इंजिनाचंच तेल बिघडवते.

आधीच्या पिढीत हे का नव्हतं, असा प्रश्न दादानं मिस्त्रींना विचारला होता. उत्तर सोपं आहे. त्या काळातल्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांना हा फिल्टरच नव्हता. फियाटनं घडवलेलं १२४८ सीसीचं एक इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत होतं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायचे. २०१६ मध्ये आलेली ब्रेझा सुरुवातीची काही वर्षं फक्त त्याच डिझेल इंजिनावर मिळत होती. शहरात चालवा, गावाला न्या, महिनाभर उभी ठेवा, त्याची तक्रार नसे. काजळी मात्र रस्त्यावर सोडत जाई. त्या इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती, डिझेलचे भाव सरकारनं मोकळे केले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यामुळे रोज दहा किलोमीटर जाणाऱ्यालाही डिझेल परवडतं असा समज घराघरात रुजला. बीएस ६ आल्यावर ते इंजिन बंद झालं, मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. समज मात्र राहिला, आणि त्या समजावर नव्या, फिल्टरवाल्या गाड्या विकल्या गेल्या.

या गाड्यांची लांबीसुद्धा आपल्या कायद्यानं ठरवली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. तेव्हापासून कारखाने त्या रेषेच्या आत बसतील अशा गाड्या आखू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही रेषा तीच राहिली, आतल्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४०. कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा प्रकार आपल्याकडे इतका फोफावला त्यामागे ही सवलत आहे. ऐपतीच्या काठावरच्या घराला, पहिल्यांदाच मोठी दिसणारी गाडी घेणाऱ्या माणसाला ही गाडी परवडली. म्हणूनच तिच्यातला बिघाड अशा घरांना जड जातो.

आणि वेळ कशी आली पाहा. बीएस ६ लागू झालं १ एप्रिलला. देशभर टाळेबंदी लागली होती २५ मार्चला. हा फिल्टर असलेल्या कितीतरी गाड्या त्या वर्षात भाजी, औषधं आणि दवाखाना एवढ्याच फेऱ्या मारत होत्या. लांबचा रस्ता हवा असलेलं इंजिन नेमकं अशा काळात घराघरात पोहोचलं, जेव्हा लांबचा रस्ताच बंद होता. वहिनीची गाडी पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत गावाला गेलीच नव्हती.

युरोपात हा धडा आधीच गिरवून झाला होता. फिल्टर बसवलेली मोठ्या संख्येनं बनलेली पहिली गाडी प्यूजोची ६०७, साल २०००. २००९ पासून तिथे युरो ५ आलं आणि डिझेल गाडीला फिल्टर जवळजवळ अनिवार्य झाला. आखूड अंतरावर डिझेल घेऊ नका, हे तिथल्या ग्राहकांना हळूहळू अनुभवातून कळत गेलं. ब्रिटननं फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत कारखान्यानं बसवलेला फिल्टर जागेवर नसेल तर गाडी नापास करायला सुरुवात केली. आपल्याकडे तंत्र आलं तेव्हा वीस वर्षांचा हा अनुभव जगात उपलब्ध होता. तो गाडीबरोबर आला नाही. मालकाच्या पुस्तिकेत एका पानावर आला: दिवा लागल्यास ताशी अमुक वेगानं पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. कर्वे पुतळ्यापासून निघालेल्या माणसानं संध्याकाळी सहा वाजता तो वेग कुठे धरायचा, हे पुस्तिकेत नाही.

मला राग आला तो पुढच्या भागाचा. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, उभ्या गाडीवर जबरदस्तीनं रीजन केला, तेल बदललं आणि कागदावर लिहिलं, 'वापराच्या पद्धतीमुळे'. वॉरंटीत बसत नाही. काउंटरवरच्या मुलानं दादाकडे बघून म्हटलं, "सर, मॅडमना सांगा, गाडी जरा रेव्हवर चालवायची." वहिनी शेजारीच उभी होती. घरीही तेच सुरू झालं. तू गिअर लवकर टाकतेस, तू क्लचवर पाय ठेवतेस, तू घाबरून चालवतेस. आमच्या घरातली सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कठीण रस्त्यांवर गाडी चालवणारी बाई आपल्याला गाडी चालवता येते की नाही, अशा शंकेत पडली. ती पेशंटकडे रिक्षानं जायला लागली. मशिनची बॅग खांद्याला लावून.

तिनं चुकीचं काय केलं होतं? भारतीय शहरातला माणूस गाडी जशी वापरतो तशी तिनं वापरली. मुलांना शाळेत सोडणारे, दवाखाना उघडायला जाणारे, मंडईत जाणारे सगळे तशीच वापरतात. शहरातला आखूड, थांबत चालणारा प्रवास हा आपल्याकडचा नेहमीचा वापर आहे. नेहमीच्या वापराला गैरवापर म्हणण्याचा अधिकार विकणाऱ्याला नाही. शोरूममध्ये दादाला सनरूफ दाखवलं, कॅमेरा दाखवला, डोंगरात उभ्या गाडीचा व्हिडिओ दाखवला, कर्जाचा हप्ता काढून दिला. ही गाडी रोज कोण चालवणार आणि किती अंतर, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर दादानं खरं उत्तर दिलं असतं आणि प्रामाणिक विक्रेत्यानं त्याला पेट्रोल घ्यायला सांगितलं असतं. गाडी घेताना आपल्या डोळ्यांसमोर गावचा रस्ता असतो, सुट्टीचा घाट असतो. ते स्वाभाविक आहे. बाकीच्या दिवसांची आठवण करून देणं हे जाणकाराचं काम.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं सोपा उपाय सांगितला होता. फिल्टर कापून आतला ठोकळा काढून टाकायचा, पत्र्याचं वेष्टण पुन्हा वेल्ड करायचं, संगणकात बदल करायचा म्हणजे दिवा लागणार नाही. बाहेरून काही दिसत नाही. पीयूसीला धुराची घनता बघतात, कण मोजत नाहीत, तेव्हा गाडी तिथूनही सुटते. पुष्कळ लोक करतात, असं तो म्हणाला, आणि दादाला ते पटायला लागलं होतं. नव्या फिल्टरची किंमत ऐकली की भल्याभल्यांना पटतं.

वहिनीनं ठाम नकार दिला. "माझे निम्मे पेशंट छातीचे आहेत," ती म्हणाली. "त्यांना मी श्वास घ्यायला शिकवते. त्यांच्याच दारात हा धूर सोडून वर जाऊ?" एरवी ती वाद घालत नाही. त्या दिवशी घालायचीही गरज पडली नाही. दादानं विषय मिटवला.

मिस्त्रींनी तोडगा काढला तो असा. तेल पूर्ण बदललं, फिल्टरला चालणाऱ्या, कमी राख करणाऱ्या ग्रेडचं. हे महत्त्वाचं आहे. काजळी जळून जाते, पण तेलातल्या रसायनांची राख फिल्टरमध्ये कायमची साचते, आणि स्वस्तातलं दुसरं तेल घातलं तर ती लवकर साचते. नोझल तपासले, कारण गळका नोझल असेल तर सगळी मेहनत वाया. मग वहिनीला शेजारी बसवून चांदणी चौकातून बायपासला घेतलं आणि पुढे एक्सप्रेस वेला. चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या वर ठेवून, लोणावळ्याच्या दिशेनं. "आता अ‍ॅव्हरेजचा काटा बघा," ते म्हणाले. काटा पडला होता. रीजन चालू होता. "आता थांबायचं नाही." काही वेळानं काटा पुन्हा वर सरकला. "झालं." गेले कित्येक महिने जी गोष्ट तिच्या नकळत अर्धवट सुटत होती, ती पूर्ण होताना वहिनीनं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. परतीला गाडी तिनंच चालवली, आणि चढावर ती गाडी दादाच्या वर्णनातल्यासारखी पळाली.

पण रीजनसाठी मुद्दाम तळेगावपर्यंत जाऊन यायचं, हा उपाय म्हणून मला मान्य नाही. त्यात डिझेल जळतं, वेळ जातो, एका माणसाचा रविवार जातो. आमच्या घरानं शेवटी माणसं आणि गाड्या यांची अदलाबदल केली. दादा आता कंपनीची बस सोडून डिझेल गाडीनं भोसरीला जातो, बायपासनं, दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. वहिनीनं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. डिझेल गाडीचं तेल तेव्हापासून खुणेवर आहे. दोन गाड्या ठेवणं प्रत्येक घराला जमणार नाही, आणि आमच्यासारख्यांनी आणखी एक गाडी रस्त्यावर आणली याचा आनंद मानावा असंही काही नाही.

आम्ही कोथरूडकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातो तिच्यावरच एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था आहे. देशातल्या गाड्या तिथे रोलरवर चढवून तपासल्या जातात. वेग किती वाढवायचा, कुठे थांबायचं, हे ठरवलेलं सुमारे वीस मिनिटांचं एक चक्र असतं आणि त्यात गाडी ताशी ९० किलोमीटरपर्यंत नेतात. त्यातून निघालेला मायलेजचा आकडा कंपन्या जाहिरातीत ठळक छापतात आणि खरेदी करणारा तो तोंडपाठ करतो. माझी मागणी एवढीच आहे की त्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापणं सक्तीचं करावं: या गाडीचा फिल्टर साफ राहण्यासाठी तिला आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोणत्या वेगानं चालवावं लागेल. ही माहिती कारखान्याकडे असते, इंजिनाच्या संगणकातच ती घातलेली असते. रीजन चालू असताना चालकाला दिसेल असा साधा दिवा प्रत्येक डिझेल गाडीत असायला हवा. फिल्टर तुंबल्यावर लागणारा दिवा उशिराचा आहे. आणि वॉरंटीच्या कागदावरून 'वापराची पद्धत' हे शब्द काढून टाकायला हवेत, जोवर ती पद्धत विक्रीच्या वेळी विचारून लिहून घेतलेली नाही.

तोवर, डिझेलची छोटी एसयूव्ही घ्यायला निघाला असाल तर शोरूममध्ये जाण्याआधी घरात विचारा की ती रोज कोणाच्या हातात असणार आहे, आणि त्या माणसालाच बरोबर घेऊन जा. त्याचा रोजचा रस्ता दहा-बारा किलोमीटरचा आणि सिग्नलचा असेल तर डिझेल घेऊ नका, गावचा घाट कितीही मोठा असो. गाडी आधीच घरात असेल तर चावी काढण्याआधी पंख्याचा आवाज ऐका, तो जोरात चालू असेल तर आणखी दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यानं फिरवा. फिल्टर मात्र कापू नका, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी.